आधी पाण्याची वाट, मग एसीची जागा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गुहागरजवळ घर, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, आत पीओपीचं सीलिंग. पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्यात. पहिल्या खोलीत गेल्या उन्हाळ्यात दीड टनाचा स्प्लिट एसी बसवला, तो आता पलंगावर पाणी गाळतो आणि सीलिंगला पिवळा डाग पडलाय. दुसऱ्या खोलीसाठी तसाच इन्व्हर्टर एसी खोक्यात पडून आहे. फिटर म्हणतो, हाही आतल्याच भिंतीवर बसवू, पाइप सीलिंगमधून सहा मीटर मागे परसदारी नेऊ, पाणी उतरलं नाही तर पंप लावू, नाहीतर ड्रेन, म्हणजे एसीच्या पाण्याची नळी, बाथरूमच्या पाइपात जोडू. वायर गीझरच्या पॉइंटवरून घेऊ म्हणतो. शिवाय पाऊस लागला की पहिल्या खोलीचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडतो.

तुम्ही विचारलंय ते एवढंच, की पंप घ्यावा की बाथरूमच्या पाइपात जोडावं. मला हा पुढचा प्रश्न वाटतो. पलंग कुठे, खिडकी कुठे, वारा अंगावर येईल का, हे बघून मशीनची जागा ठरली आणि पाणी कुठून जाणार हे शेवटी उरलं. मी रत्नागिरीत हेच काम करतो, आणि किनाऱ्यावरच्या गळक्या एसींपैकी बहुतेकांची सुरुवात इथूनच झालेली दिसते. आपल्याकडे आधी पाण्याची वाट नक्की करायची आणि मशीन त्या वाटेच्या तोंडाशी बसवायचं.

असं का, ते सांगतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर त्या हवेतली वाफ पाणी व्हायला वस्तू साधारण ११ अंशांपर्यंत गार व्हावी लागते. आपल्याकडे ३० अंश आणि ८० टक्के असेल, तर २६ अंशांची वस्तूही ओली होते. माठातलं पाणी पितळी तांब्यात घेतलं की बाहेरून घाम सुटतो, तसा इथे एसीच्या प्रत्येक गार भागाला सुटतो. कॉइलला, कॉपरच्या पाइपांना, आणि हे बरेच फिटर विसरतात, ड्रेनच्या पाइपालाही. कारण आतून जाणारं पाणी बारा-पंधरा अंशांचं असतं. पुण्या-मुंबईत शिकून आलेली मुलं हुशार असतात, पण तिकडच्या एसी ऑफिसांतली, फ्लॅटमधली पद्धत जशीच्या तशी कौलारू घरात वापरतात आणि मग ती इथे उघडी पडते.

पाणी किती, याचाही अंदाज असू द्या. दीड टनाचं मशीन पूर्ण जोरात असताना साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता ओढतं. दमट खोलीत त्यातला तीस टक्के भाग जरी वाफेचं पाणी करण्यात गेला, तर तासाला दोन लिटरच्या आसपास पाणी होतं. इन्व्हर्टर मशीन खोली गार झाल्यावर मंद चालतं, तेव्हा हे कमी होतं. पण पाहुणे समुद्रावरून ओल्या अंगाने आले, टॉवेल खोलीतच वाळत घातले, ओटीकडचं दार उघडंच राहिलं, की पुन्हा तेच. रात्रभरात बादलीभर पाणी धरूनच चाला.

आता तुमच्या पहिल्या खोलीबद्दल. मी ती पाहिलेली नाही, तेव्हा हा अंदाज आहे, पण बराच खात्रीचा. भिंतीवरच्या इनडोअर युनिटची पाण्याची नळी युनिटच्या खालच्या अंगाला असते. तुमचं पीओपी युनिटच्या वर आहे. मग ड्रेन सीलिंगमधून गेला कसा? कॉपर आणि वायरबरोबर एकाच टेपमध्ये गुंडाळून वर चढवला असणार. कॉपर वर जाऊ शकतं, कारण त्यातला गॅस कॉम्प्रेसर ढकलतो. पाण्याला ढकलणारं तिथे कोणी नाही. ते कॉइलखालच्या ट्रेमध्ये साठत राहतं, ट्रे जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर खोल, तो भरला की कडेवरून पलंगावर. उद्घाटनाच्या दिवशी हे लक्षात येत नाही, कारण पहिल्या तासाभरात ट्रेच भरत असतो, आणि तोवर फिटर पैसे घेऊन गेलेला असतो.

तरी गळती कशाची आहे हे आधी ओळखून घ्या, कारण सगळं पाणी ड्रेनचंच असतं असं नाही. एसी लावल्यावर तासा-दीड तासाने खालच्या कोपऱ्यातून धार लागली, तर ट्रे भरतोय, म्हणजे ड्रेन वर चढलाय किंवा तुंबलाय. समोरच्या पात्यांवर बारीक थेंब धरून टपटप होत असेल, तर तो घाम. १८ अंशांवर लावून पंखा अगदी हळू ठेवला आणि दार उघडं, की हे होतंच. २४ वर लावा, पंखा वाढवा, दार ओढून घ्या, थांबेल. एसी बंद केल्यानंतर एकदम भसकन पाणी आलं, तर आत बर्फ धरत होता. फिल्टर धुळीने बंद झालाय किंवा गॅस कमी आहे. युनिटच्या मागून भिंत ओली होत असेल, तर कॉपरच्या जोडावर इन्सुलेशन नीट चढवलेलं नाही. आणि एसी बंद असताना, फक्त पावसात पाणी येत असेल, तर भिंतीतलं भोक आतल्या बाजूला उतरतंय. तुमच्या सीलिंगवरचा डाग मला ट्रेचा वाटत नाही. ट्रे सीलिंगच्या खाली आहे. तो वरच्या पाइपांच्या घामाचा असावा. म्हणजे तुमच्याकडे एकाच खोलीत दोन वेगळ्या गळत्या आहेत, आणि एक दुरुस्त करून दुसरी थांबणार नाही.

पहिल्या खोलीवर उपाय म्हणजे ड्रेनला कॉपरपासून वेगळं करा. कॉपर आणि वायर सीलिंगमधून जात असतील तर जाऊ देत. ड्रेन मात्र युनिटच्या मागून सरळ खाली उतरवा. आतली भिंत आहे, म्हणजे पलीकडे दुसरी खोली, पडवी किंवा न्हाणीघर असणार. पलीकडे न्हाणीघर असेल तर सुटलात. भिंतीला खाच पाडून २५ मिलिमीटरचा कडक पीव्हीसी पाइप, त्यावर इन्सुलेशन, खाली जमिनीपासून वीतभर उंचीवर पलीकडे बाहेर. पडवी असेल तरी तसंच, फक्त पडवीच्या कडेपर्यंत ढाळ मिळतोय का ते मोजावं लागेल. बऱ्याच मशीनच्या ट्रेला डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही बाजूंना तोंडं असतात, एकात रबरी बूच असतं. बाजू बदलली की कितीतरी वेळा वाट निम्मी होते. बूच बदलताना ते पक्कं बसलंय ना, हे ट्रेमध्ये पाणी ओतून बघायचं.

खाच पाडताना गवंड्याला सांभाळायला सांगा. जांभा, म्हणजे चिऱ्याचा दगड, मऊ असतो आणि जुन्या घरात सांधे चुन्या-मातीचे असतात. ग्राइंडर जोरात घातला तर अख्खा चिरा हलतो. छन्नीने हळू काम करणारा जुना माणूस मिळाला तर तोच बरा.

दुसऱ्या खोलीचं मशीन अजून खोक्यात आहे ही चांगली गोष्ट आहे. ते आतल्या भिंतीवर बसवूच नका. बाहेरच्या भिंतीवर बसवा, जिथे मागे भोक पाडलं की पाणी थेट बाहेर पडेल. पलंगाची जागा बदलावी लागली तर बदला. पलंग दोन माणसं उचलून हलवतात, गळकी वाट आयुष्यभर तिथेच राहते. बाहेरची भिंत पश्चिमेची, समुद्राकडची असेल तर मात्र थोडा विचार करा. इनडोअर त्या भिंतीवर चालेल, पण आउटडोअर शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या अंगाला न्या, कारण खारा वारा समोरून लागला की पत्रा आणि कॉइलच्या पट्ट्या भराभर खराब होतात. इथे सगळंच मनासारखं जुळत नाही. घर कसं आहे त्यावर कशाला झुकतं माप द्यायचं ते ठरतं. दोन्ही जमत नसेल, तर मी पाण्याची वाट सांभाळतो आणि आउटडोअरला महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवायला सांगतो. फक्त धुण्याआधी मेन बंद.

भिंतीतल्या भोकाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण चिऱ्याच्या घरात निम्मा खेळ तिथे आहे. भोक साधारण ६५ मिलिमीटरचं पाडतात. ते आतून बाहेर उतरतं हवं, भिंतीच्या जाडीत एखादा सेंटिमीटर तरी. सरळ पाडलेलं भोक पुरेसं नसतं, कारण आपल्याकडे आषाढातली झड आडवी येते आणि पाणी सरळ भोकातून खुशाल आत चालत येतं. जांभा सच्छिद्र. भोकात शिरलेलं पाणी तो पिऊन टाकतो आणि ओल तिथे न दिसता दोन हात लांब, गिलाव्याला पोपडे धरून दिसते. मग लोक कौलं शाकारतात, छप्परवाल्याला दोष देतात. म्हणून भोकात पीव्हीसी पाइपाचा तुकडा आरपार घालायचाच, त्याच्या भोवती बाहेरून सीलंट, आत पुट्टी. पुट्टीमुळे मुंग्या, पाली आणि उंदीरही थांबतात. पाल सर्किट बोर्डावर चढून शॉर्ट होणं ही आपल्याकडे काही नवलाची गोष्ट नाही.

युनिटची पाठपट्टी जांभ्यात ठोकताना स्क्रूसाठी भोकात घालायच्या साध्या छोट्या गिट्ट्या धरत नाहीत, भुसा पडत राहतो. लांब स्क्रू, मोठी गिट्टी, आणि चिरा फारच मऊ असेल तर आधी जाड लाकडी फळी किंवा पत्र्याची पट्टी भिंतीला बोल्टने धरून त्यावर पाठपट्टी. ती पाणसळ लावून बसवायची. काही फिटर ड्रेनच्या बाजूला मुद्दाम झुकवतात. माझं मत असं की जिथे कंपनीने ट्रेलाच उतार दिलाय तिथे पाठपट्टी सपाट ठेवावी. उलट्या बाजूला झुकलेली मात्र कधीच नको.

ड्रेनच्या ढाळाचा माझा हिशोब मीटरला दोन सेंटिमीटरचा. एक सेंटिमीटरवरही पाणी जातं, पण ते नव्या, स्वच्छ पाइपात. पुढे आत चिकट बुरशी धरते, पाइप दोन आधारांच्या मध्ये झोळ धरतो, तेव्हा तो जास्तीचा सेंटिमीटर उपयोगी पडतो. सहा मीटरला बारा सेंटिमीटर उतार लागेल. एवढी जागा आहे का, हे सुतळी आणि लेव्हल ट्यूब धरून आधी बघायचं. मशीनबरोबर येणारी पांढरी वळ्यांची नळी फक्त युनिटपासून भिंतीपलीकडे जाईपर्यंत वापरा. तिच्या वळ्यांत गाळ बसतो, आणि बाहेर उन्हात ती तडकते. पुढे आतून गुळगुळीत असा कडक पाइप, दर मीटरभराला क्लॅम्प. जिथे पाइप घराच्या आतून जातो तिथे त्यावर इन्सुलेशन हवंच.

वाटेत यू-आकाराचा ट्रॅप टाकायचा का, असं कोणी सुचवेल. भिंतीवरच्या स्प्लिटला त्याची गरज नाही, उलट त्यात गाळ साठतो आणि हवा अडकते. डक्टमधून हवा नेणाऱ्या डक्टेबल मशीनचा प्रकार वेगळा, तिथे पंखा ट्रेमधून हवा जोरात ओढत असतो, तिथे ट्रॅप लागतो. तुमचा विषय तो नाही. पाइपाचं शेवटचं तोंड बादलीतल्या किंवा गटारातल्या पाण्यात बुडलेलं नको, हेही त्याच कारणाने. हवा अडकली की पाणी गुळगुळ करत थांबतं.

आता बाथरूमच्या पाइपाचं. संडासाच्या किंवा मैल्याच्या पाइपाला थेट जोडायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. एक तर वास खोलीत येतो, आणि दुसरं म्हणजे त्या गॅसमध्ये असलेलं हायड्रोजन सल्फाइड तांब्याला खातं. कॉइल बारीक गळायला लागते आणि दर वर्षी गॅस भरावा लागतो. न्हाणीघराच्या जमिनीतल्या जाळीवर, म्हणजे नहाणी ट्रॅपच्या वर, पाइपाचं तोंड इंच-दोन इंच अधांतरी सोडून पाणी पडू दिलं तर चालेल. ते अंतर महत्त्वाचं. तुमच्या खोल्या पावसाळ्यात महिनोन्‌महिने बंद राहत असतील, तर ट्रॅपमधलं पाणी आटून वास वर येतो, पण अधांतरी सोडलेल्या पाइपातून तो एसीत ओढला जाण्याची शक्यता कमी राहते.

परसदारी सोडणार असाल तर माडाच्या आळ्यात सोडा. बादलीभर पाणी उन्हाळ्यात माडाला उपयोगीच आहे. पायवाटेवर किंवा पाखाडीच्या पायऱ्यांवर नको, तिथे शेवाळ धरून पाहुणा घसरेल. घराच्या जोत्याशी तर नकोच. काहीजण हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात. ते पाणी कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण घेऊन येतं, बॅटरीत घालू नका. पिण्याचा तर प्रश्नच नाही.

पाइपाच्या तोंडाशी आणखी एक भानगड. कुंभारमाशी. उन्हाळ्यात मशीन काही दिवस बंद राहिलं की ती पाइपाच्या तोंडात मातीचं घर करते, आणि सीझन सुरू झाला की पहिल्याच रात्री ट्रे भरतो. जाळी लावावी तर जाळीवर बुरशी धरून तीच तुंबते. मी तोंड तिरकं कापतो, हाताला येईल अशा उंचीवर ठेवतो आणि घरच्यांना सांगतो की मोठी सुट्टी तोंडावर आली की काडी घालून बघा. सर्व्हिसिंगवाल्याला ट्रेमध्ये बाटलीभर पाणी ओतायला लावा आणि बाहेर धार येते का ते तुम्ही स्वतः उभं राहून बघा. ॲसिड वगैरे ओतू देऊ नका.

दोन्ही खोल्यांचे ड्रेन एकत्र करायचे का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण फिटर सुचवेलच. शक्यतो वेगळे ठेवा. एकत्रच करावे लागले तर सामायिक पाइप ३२ मिलिमीटरचा, दोन्ही नळ्या त्यात वरून उतरलेल्या, आणि वरचं टोक हवेसाठी उघडं. आडव्या पाइपात आडवी नळी खुपसली तर एका खोलीचं पाणी दुसऱ्या खोलीत निघतं.

पंपाबद्दल माझं मत सरळ आहे. जिथे ढाळ मिळूच शकत नाही, तिथे पंप हे योग्य उत्तर आहे. सीलिंगमध्ये बसणाऱ्या कॅसेट एसीत तो आतच असतो आणि छान चालतो. पण पर्यटकांच्या खोलीत मी तो टाळतो. रात्री त्याची मधूनमधून घरघर, फ्लोटमध्ये बुरशी, आणि तो बंद पडला हे पलंग ओला झाल्यावरच कळतं. लावावाच लागला तर त्याचा सेफ्टी कॉन्टॅक्ट जोडून घ्या, म्हणजे पाणी वर आलं की मशीन थांबेल. बहुतेक फिटर त्या दोन वायरी तशाच लोंबकळत सोडतात.

सीलिंगमधून जाणाऱ्या कॉपरचं एक. आपल्याकडच्या बहुतेक स्प्लिटमध्ये जाड आणि बारीक, दोन्ही पाइप गार असतात. दोघांना वेगवेगळं इन्सुलेशन हवं, एकाच नळीत दोन कोंबलेले नकोत. नऊ मिलिमीटरची जाडी कोरड्या गावाला पुरते, किनाऱ्यावर आणि त्यातही कौलाखालच्या गरम, दमट पोकळीत मी १३ किंवा १९ मिलिमीटरचं घेतो. जोडांवरचं इन्सुलेशन गॅसची गळती तपासून झाल्यावर चढवायचं आणि सांधे चिकटवायचे. बाहेरची टेप खालून वर गुंडाळत न्यायची, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर येतो आणि पागोळीचं पाणी आत न शिरता ओघळून जातं. तुमच्या सीलिंगचा डाग इथूनच आलाय असं मला वाटतं.

आता वायरिंग. गीझरचा पॉइंट विसरा. दोन किलोवॅटचा गीझर पावणेनऊ अँपिअर घेतो, तीन किलोवॅटचा तेरा. दीड टनाचा एसी पूर्ण लोडवर सात-आठ. सकाळी पाहुणा एसी चालू ठेवून आंघोळीला जातो, तेव्हा त्या एका वायरवर वीस अँपिअर. वायर अडीच चौरस मिलिमीटरची असेल, जोड ढिला असेल, सॉकेट स्वस्तातलं असेल, तर आधी प्लग तपकिरी पडतो, मग वास येतो. खाऱ्या हवेत पितळी पिना काळवंडतात, त्यामुळे हे इथे लवकर होतं.

प्रत्येक एसीला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर हवी. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची, फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही, मध्ये जोड नाही. बोर्डावर दोन्ही तारा तोडणारा डबल पोल एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच), सी प्रकारचा, १६ किंवा २० अँपिअरचा, तुमच्या मशीनच्या पाटीवर लिहिलेल्या करंटनुसार. अडीचची चालणार नाही का, असं विचारतात. बोर्ड जवळ असेल आणि मशीन इन्व्हर्टर असेल तर गरम होणार नाही. पण मीटरपासून खोली तीस मीटर लांब असेल आणि जुनं, एकदम दणक्यात सुरू होणारं मशीन असेल, तर सुरुवातीच्या चाळीस अँपिअरला अडीचच्या वायरमध्ये जवळपास १९ व्होल्ट गळतात, चारच्या वायरमध्ये बारा. मेच्या संध्याकाळी गावातल्या सगळ्या खोल्या भरलेल्या असतात, तेव्हा डीपीवरून येणारं व्होल्टेजच आधी खाली असतं. त्यात हे सात व्होल्ट कधीकधी कॉम्प्रेसर सुरू होणं आणि नुसतं गुरगुरून थांबणं यातला फरक असतात.

स्टॅबिलायझर लागेल की नाही, हे तुमच्याकडचं व्होल्टेज भर सीझनच्या रात्री मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. नवीन इन्व्हर्टर मशीन किती व्होल्टेजपर्यंत चालतं ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं. तुमचं मोजमाप त्या हद्दीत असेल तर नको. नसेल तर दीड टनाला चार केव्हीएचा. आणि दोन एसी, गीझर, विहिरीचा पंप मिळून मंजूर भार ओलांडतोय का ते बिलावर बघा. ओलांडत असेल तर आधी महावितरणकडे भार वाढवण्याचा अर्ज करा.

इनडोअर-आउटडोअरच्या मधली केबल कंपनीच्या नकाशाप्रमाणेच जोडायची. इन्व्हर्टर मशीनमध्ये एक तार निरोपाची असते, आणि फेज-न्यूट्रल उलटे झाले तर बऱ्याच मशीनवर दोन युनिटचं बोलणंच बंद होऊन स्क्रीनवर एरर येतो. लोक बोर्ड जळाला समजून नवीन बोर्ड मागवतात. तारांच्या टोकांना कथिल चढवलेल्या थिंबल, म्हणजे धातूच्या टोप्या, दाबून घ्या. उघडं तांबं आपल्याकडे हिरवं पडतं. बंडलमध्ये वायर वरच्या अंगाला, ड्रेन सगळ्यात खाली. आणि आउटडोअरच्या डब्यात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, आत जाणार नाही.

अर्थिंगवर मी हट्टी आहे. गाव सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर असेल तर जांभ्यात अर्थिंग मिळवणं कठीण, उन्हाळ्यात कातळ कोरडा ठणठणीत होतो आणि पट्टी नुसती नावाला राहते. तिथे खड्डा खोल, ओल धरणाऱ्या बेंटोनाइट मातीची भर, शक्यतो विहिरीच्या किंवा मोरीच्या ओलीजवळ. गाव किनाऱ्याच्या वाळूत असेल तर अर्थिंग छान मिळतं, पण साधा जीआय पाइप खाऱ्या ओलीत काही वर्षांत गंजून जातो, तिथे तांबं घाला. मीटरने मोजून पाच ओहमच्या आत आलं की मी समाधानी असतो. अर्थिंग मिळत नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देणारे महाभाग आहेत. वाटेत न्यूट्रल तुटला की त्या एसीचा आणि गीझरचा पत्रा जिवंत होतो. तुमच्याकडे तसं केलेलं नाही ना, हे वायरमनला सॉकेट उघडून बघायला सांगाच.

शेवटचं, पावसात पडणारा आरसीसीबी. त्याला बायपास करू देऊ नका. तो खरं सांगतोय, कुठेतरी करंट गळतोय. एसीचा एमसीबी पाडूनही तो पडत असेल, म्हणून एसी निर्दोष, असं समजू नका. साधा सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि ओल्या डब्यात न्यूट्रल अर्थला टेकला तरी आरसीसीबी पडतो. एसीचा प्लग पूर्ण काढा आणि पावसात एक रात्र बघा. मग गीझर काढून बघा. एसीवर बोट आलं तर आउटडोअरचा टर्मिनल डबा आणि टेपच्या आत लपवलेला एखादा जोड, या दोन जागा आधी. वायरमनकडे मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, असेल तर युनिट सुटं करून फक्त केबल ५०० व्होल्टला तपासावी, एक मेगाओहमच्या खाली असेल तर केबल बदला. मेगर इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावायचा नाही. आणि दुसरा एसी आल्यावर दोघांना एकाच ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर गीझरसकट टाकू नका. इन्व्हर्टर मशीन निरोगी असलं तरी किंचित करंट अर्थला सोडतंच, सगळ्यांचा मिळून विनाकारण ट्रिप होतं. प्रत्येक एसीला वेगळा घ्या.

क्रम असा ठेवा. उद्या प्लग काढून ट्रिपिंगचं बघा, कारण तो जिवाचा प्रश्न आहे. मग पहिल्या खोलीच्या सीलिंगचा एक चौकोनी तुकडा कापून आत डोकवा. ड्रेन कॉपरबरोबर वर चढलेला दिसला, तर वर लिहिल्याप्रमाणे वेगळा करा आणि खाच बुजवण्याआधी ट्रेमध्ये दोन लिटर पाणी ओतून बघा. तो वर चढलेला नसेल, वेगळाच खाली उतरलेला असेल, तर माझा अंदाज चुकला. मग पाइपाचं बाहेरचं तोंड, त्याच्या आतली कुंभारमाशी आणि ट्रेचं बूच या क्रमाने बघा, आणि तोंडाचा व आउटडोअरच्या उघड्या डब्याचा फोटो पाठवा.